मॅडम ब्लॅव्हॅट्स्की : मुंबईतील वास्तव्य आणि वर्तविलेले भविष्य

थिऑसफी हा शब्द उच्चारला की मराठी वाचकापुढे प्रथम अ‍ॅनी बेझंटबाई उभ्या राहतात आणि स्थळ म्हणून मद्रासजवळचे अड्यार आठवते. हे स्वाभाविक असले तरी त्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. ज्या रशियन बाईने हा पंथ स्थापिला, तिने हिंदुस्थानात पाऊल टाकल्यावर पहिले ठाणे मांडले ते मुंबईस, गिरगावात. आणि सर्वस्व अर्पण करणारा जो पहिला हिंदी शिष्य तिला लाभला तो कऱ्हाडे ब्राह्मण कुळातील एक तरुण होता. १८७९ च्या फेब्रुवारीपासून १८८२ च्या डिसेंबरपर्यंतची ही जवळजवळ चार वर्षे आमच्या एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासात यावी तितकी आलेली नाहीत.

ब्लॅव्हॅट्स्कीबाईंकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक भक्ताची, तीत बाई म्हणजे हिमालयातील महात्म्यांनी धाडलेली दूती. दुसरी उपहासाची, तीत त्या हातचलाखीने शहाण्यासुरत्या माणसांना झुलविणाऱ्या चतुर स्त्री. दोन्ही रीतींत निकाल आधी लागलेला असतो व पुरावा मागून येतो. प्रस्तुत लेखात थोड्या निराळ्या वाटेने जावयाचे आहे. बाईंनी जे भविष्य छापून ठेवले त्याला वर्षे आहेत. ती वर्षे आता उलटून गेली आहेत. आणि त्यांच्या शब्दावर ज्यांनी भार टाकला त्या माणसांचे चरित्रही आपल्यापुढे आहे. ह्या दोहोंची तपासणी करता येते.

हेलेना पेट्रोव्हना ह्यांचा जन्म १८३१ साली दक्षिण रशियातील येकातेरिनोस्लाव्ह ह्या गावी झाला. वडील लष्करी अधिकारी, आई कादंबरीकार. आई १८४२ मध्ये वारली. १८४९ साली एरिव्हानचे उपराज्यपाल निकिफोर ब्लॅव्हॅट्स्की ह्यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच त्या पतिगृह सोडून निघाल्या. आडनाव मात्र जन्मभर तेच राहिले. पुढील वीसबावीस वर्षांचा वृत्तान्त मुख्यतः बाईंच्याच तोंडचा आहे. तिबेटात गुरुगृही राहिल्याची कथा ह्याच काळातली. तिला स्वतंत्र आधार नाही. १८७३ मध्ये त्या न्यूयॉर्कला पोचल्या तेथपासून चरित्र पक्क्या जमिनीवर येते. १८७४ च्या ऑक्टोबरात व्हर्मांटमधील चिटेंडन येथे, मृतात्मे प्रकट होतात अशी ख्याती असलेल्या एका शेतघरी, त्यांची कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट ह्यांच्याशी गाठ पडली. ऑल्कॉट हे वकील, वृत्तपत्रांत लिहिणारे आणि व्यवस्थेत वाकबगार. बाईंना जे साधत नव्हते ते सारे ह्या गृहस्थास साधत होते. दोघांनी विल्यम जज वगैरे मंडळींसह थिऑसॉफिकल सोसायटी काढली. तिचा स्थापनादिन १७ नोव्हेंबर १८७५ मानला जातो. १८७७ मध्ये ‘आयसिस अन्व्हेल्ड’ हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला आणि त्याची पहिली आवृत्ती हां हां म्हणता संपली.

सोसायटी हा धर्म नव्हे, असे बाई अखेरपर्यंत सांगत. काशीनरेशांच्या घराण्याचे ‘सत्यान्नास्ति परो धर्मः’ हे ब्रीद त्यांनी उचलले तेही त्याच हेतूने. तथापि ज्या मंडळीला संस्थापक आहे, प्रमाणग्रंथ आहे, अदृश्य पण आज्ञा करणारे गुरू आहेत, अंतःस्थ शिष्यांचे वर्तुळ आहे आणि संस्थापिकेची पुण्यतिथी ‘श्वेतकमलदिन’ म्हणून पाळण्याची प्रथा आहे, तिला इतिहासकाराने काय म्हणावे? महाराष्ट्रात पंथ कसे उभे राहतात हे आपण पुष्कळ पाहिले आहे. लक्षणे सारी जुळतात, एवढे म्हटले म्हणजे पुरे.

१६ फेब्रुवारी १८७९ रोजी बाई, ऑल्कॉट आणि दोघे इंग्रज सोबती मुंबई बंदरात उतरले. त्यांचा पत्रव्यवहार होता तो मुंबईच्या आर्यसमाजाचे हरिश्चंद्र चिंतामण ह्यांच्याशी. स्वामी दयानंदांनी १८७५ मध्ये मुंबईतच आर्यसमाज स्थापिला होता, आणि त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास निघालेली आपली सोसायटी ही त्याची भगिनीच होय, अशी अमेरिकेतील मंडळींची समजूत झाली होती. ह्या समजुतीला पहिला धक्का लवकरच बसला. स्वागतसमारंभ आटोपल्यावर यजमानांनी पाहुण्यांच्या हाती जेवणखाण, घरभाडे, इतकेच काय स्वागताच्या तारेचाही खर्च लावलेले बिल ठेवले, असे ऑल्कॉट ह्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. दयानंदांशी स्नेह आणखी काही काळ टिकला. पण वेद हेच एकमेव प्रमाण मानणारा संन्यासी आणि बुद्ध, वेदान्त, मिसरी गुप्तविद्या ह्या सर्वांना एका माळेत ओवणारी बाई ह्यांचे सूत जमणे कठीणच होते. १८८० च्या मे महिन्यात सिलोनात गॉल येथे बाई व ऑल्कॉट ह्यांनी जाहीरपणे पंचशील घेतले, आणि १८८२ मध्ये स्वामींनी संबंध तोडला.

मुंबईतले पहिले बिऱ्हाड गिरगाव बॅक रोडवर होते. ऑक्टोबर १८७९ मध्ये ‘द थिऑसॉफिस्ट’ ह्या मासिकाचा पहिला अंक येथूनच निघाला. १८८० च्या अखेरीस मंडळी ब्रीच कँडीच्या टेकडावरील ‘क्रोज नेस्ट’ नावाच्या बंगल्यात गेली. बंगल्यात सायंकाळी मंडळी जमे. पारशी, गुजराथी, मराठी, क्वचित युरोपियन. हवेत घंटा वाजत, छतातून पत्रे पडत. पत्रांखाली सह्या असत त्या मोर्य आणि कुथुमी ह्या महात्म्यांच्या. (कुथुमी हे नाव पुराणांतही आहे, सामवेदाच्या शाखाकारांत ते येते. बाईंनी ते कोठून घेतले हा प्रश्न भक्तांना पडत नाही आणि निंदकांना सुचत नाही.) १८८० च्या शरदात सिमल्यास ह्या चमत्कारांना राजमान्यता लाभल्यासारखे झाले. वनभोजनास एक कप कमी पडला तेव्हा बाईंनी दाखविलेली जागा खणताच त्याच नक्षीचा कप व बशी निघाली, आणि त्याच दिवशी ह्यूमसाहेबांच्या घरी त्यांच्या पत्नीचा हरवलेला दागिना बागेत सापडला. अलाहाबादच्या ‘पायोनिअर’चे संपादक सिनेट ह्यांनी ह्यावर १८८१ मध्ये पुस्तक लिहिले. हेच ह्यूम पुढे १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय सभेचे सूत्रधार झाले. तोवर त्यांचा महात्म्यांवरचा विश्वास मात्र उडून गेला होता.

चमत्कारांची ही जंत्री लांबविण्यात स्वारस्य नाही. कप कोणी पुरला होता ह्याचा निर्णय आज लागणे नाही. मुंबईच्या मंडळींपैकी दोन माणसे मात्र ह्याहून अधिक विचार करण्यासारखी आहेत.

पहिले तुकाराम तात्या पडवळ. ब्राह्मणेतर समाजातून वर आलेला हा गृहस्थ थिऑसफीकडे वळला त्याच्या कितीतरी आधी, १८६१ मध्ये, ‘जातिभेद विवेकसार’ हे पुस्तक ‘एक हिंदू’ ह्या नावाने लिहून मोकळा झाला होता; १८६५ ची दुसरी आवृत्ती जोतीराव फुल्यांनी प्रसिद्ध केली. जातीला शास्त्राधार नाही असे सांगणारा हा लेखक बाईंच्या मंडळीत का गेला? माझ्या मते उत्तर सोसायटीच्या पहिल्या कलमात आहे : वंश, धर्म, जात, वर्ण ह्यांचा भेद न करता विश्वबंधुत्व. हे कलम मानणाऱ्या सभेत ब्राह्मण व ब्राह्मणेतर शेजारी बसत आणि वेदोपनिषदांवर बोलण्याचा अधिकार दोघांनाही असे. तुकाराम तात्यांनी सोसायटीच्या प्रकाशननिधीतर्फे पातंजल योगसूत्रे, गीता व इतर संस्कृत ग्रंथ मुंबईत छापून स्वस्त दरात लोकांपुढे ठेवले, धर्मार्थ दवाखाना चालविला, आणि १८८९ पासून तुकोबांची मोठी गाथा प्रसिद्ध केली. १८६९ च्या ‘इंदुप्रकाश’ आवृत्तीच्या जवळजवळ दुप्पट अभंग तीत आहेत. त्यांतले कितीतरी तुकोबांचे नव्हेत हे अभ्यासकांनी पुढे दाखविले. तरीदेखील वारकऱ्यांच्या वह्यांत व फडांच्या तोंडी विखुरलेले एवढे साहित्य एका ठिकाणी बांधले गेले, हे त्या गाथेचे ऋण नाकारता येत नाही. ह्या कामाला ना महात्म्यांचे पत्र लागले ना घंटानाद.

दुसरा दामोदर के. मावळणकर. जन्म १८५७, अहमदाबाद. घर श्रीमंत, शिक्षण इंग्रजी. लहानपणी जिवावरच्या दुखण्यात आपल्याला एका तेजस्वी पुरुषाने औषध दिले असे त्याला आठवत असे. ‘आयसिस’ वाचून तो १८७९ च्या ऑगस्टात सभासद झाला, आणि मग थांबला नाही. मासिकाची सारी व्यवस्था त्याने अंगावर घेतली. रात्रंदिवस काम करी. १८८० मध्ये जातीविषयी लेख लिहून त्याने आपण जात सोडल्याचे जाहीर केले. त्या काळी मुंबईत ब्राह्मणाच्या मुलाने हे छापून सांगणे म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. घरच्यांनीही प्रथम कौतुकाने सोसायटीत नावे घातली होती; मुलगा संन्याशासारखा राहू लागला तेव्हा ती काढून घेतली. त्याने वडिलार्जित संपत्तीवरचा हक्क सोडला. लहानपणी लग्न झालेली पत्नी वडिलांच्या घरी राहिली. थिऑसफीच्या इतिहासांत त्यागाचे वर्णन विस्ताराने येते. ज्या मुलीच्या वाट्याला हा त्याग न मागता आला तिच्यासाठी एखादे वाक्य असते, तेही असलेच तर.

डिसेंबर १८८२ मध्ये सोसायटीचे ठाणे अड्यारला हलले आणि दामोदरही गेला. तेथे ‘गूढ खोली’त एक कपाट होते, त्यात ठेवलेल्या पत्राला महात्म्यांचे उत्तर येई. बाईंची कैरोपासूनची ओळखीची एमा कूलोम व तिचा सुतारकाम जाणणारा नवरा हे जोडपे १८८० पासून घरकारभार पाहत होते. १८८४ च्या मे महिन्यात, बाई युरोपात असताना, त्यांना काढून टाकण्यात आले. सप्टेंबरात मद्रासच्या ‘ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’मध्ये त्यांनी पुरविलेली बाईंची म्हणून पत्रे छापली गेली. त्यांत कपाट व पत्रे ह्यांच्या युक्त्यांच्या सूचना होत्या. लंडनच्या परामानस संशोधन मंडळाने रिचर्ड हॉजसन ह्यास चौकशीस पाठविले. १८८५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अहवालात बाईंना इतिहासातील निष्णात तोतयांच्या पंक्तीत बसविले आहे, आणि दामोदरलाही साथीदारांत गणले आहे. शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच मंडळाच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन ह्या हस्ताक्षरतज्ज्ञाने हॉजसनची पद्धत एकतर्फी व सदोष असल्याचे लिहिले. ह्यावरून बाई निर्दोष ठरल्या असे भक्त म्हणतात. वस्तुतः ठरले ते एवढेच की आरोप सिद्ध करण्याची रीत चुकली होती.

बाईंनी १८८५ च्या मार्च अखेरीस हिंदुस्थान सोडला तो कायमचा. लंडनला १८८८ मध्ये ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’, १८८९ मध्ये ‘द की टू थिऑसफी’ प्रसिद्ध झाली आणि ८ मे १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची भविष्ये मुख्यतः ह्या अखेरच्या ग्रंथांत आहेत.

भविष्य सांगणे ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. बालाघाट जिल्ह्यात बैहरच्या बाजूस बैगांचा गुनिया आजही आजाऱ्याच्या घरी बोलावला जातो. पण त्याचे बोलणे ह्या घरापुरते, ह्या मुलापुरते असते : कोणता देव रुसला, त्याला काय वाहावे. चुकले तर दुसऱ्या गुनियाला बोलावतात. कोणी ते लिहून ठेवीत नाही आणि त्यानेही तसा दावा केलेला नसतो. व्हेरिअर एल्विन ह्यांचा बैगांवरील मोठा ग्रंथ १९३९ मध्ये निघाला. तो वाचताना ह्या विद्येची मर्यादा आणि तिची माणुसकी दोन्ही ध्यानी येतात. ब्लॅव्हॅट्स्कीबाईंची गोष्ट निराळी. त्यांनी छापखान्यातून, साऱ्या मानववंशाविषयी, साल घालून भविष्य सांगितले. ज्याने साल घातले त्याने परीक्षा मागून घेतली.

पहिले भाकीत विज्ञानाचे. १८८८ मध्ये बाईंनी लिहिले की १८९७ च्या आत निसर्गाच्या पडद्याला मोठी चीर पडेल व जडवादी विज्ञानावर मर्माघात होईल. १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले, १८९६ मध्ये बेकेरेलला युरेनियमचे किरण, १८९७ मध्ये टॉमसनला इलेक्ट्रॉन. अनुयायी हे भाकीत मोठ्या अभिमानाने सांगतात आणि वर्षे जुळतात हे मान्य केले पाहिजे. परंतु भाकिताचा दुसरा अर्धा भाग ते वाचत नाहीत. पडद्याला चीर पडली खरी. ती पाडली मात्र प्रयोगशाळेनेच, आणि तिच्यातून बाहेर पडले ते विज्ञान मरण पावण्याऐवजी दसपट बलवान होऊन.

दुसरे भाकीत कलियुगाचे. कलीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ३१०२ च्या फेब्रुवारीत झाला हे आपल्या ज्योतिषग्रंथांचे मत बाईंनी स्वीकारले आणि त्याची पहिली पाच हजार वर्षे सुमारे नऊ वर्षांनी, म्हणजे १८९७ च्या सुमारास, पुरी होतील असे लिहिले. येथे आपल्या घरातले पंचांगच उत्तर देते. शकात ३१७९ मिळविले म्हणजे गतकली निघतो. पाच हजार वर्षे पूर्ण होतात ती शके १८२१ च्या आरंभी, म्हणजे १८९९ मध्ये. दोन वर्षांची चूक क्षुल्लक आहे. पण लाखो वर्षांच्या मन्वंतरांचे हिशेब गुप्त ग्रंथांतून आणणाऱ्या लेखकाला मुंबईतल्या कोणत्याही जोशाने काढून दिला असता तो हिशेब साधू नये, ह्याला काय म्हणावे!

ह्याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. ती वर्षे आमच्या प्रदेशाला कशी गेली? १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळले. गावेच्या गावे ओस पडली. बाईंचे साल आणि पंचांगाचे साल, दोन्ही ह्याच संहारात येतात. युगसंधीच्या त्या भाकितात ह्या माणसांचा उल्लेख नाही. त्यात आहेत ती महायुगे, मूळवंश, उपवंश, अमेरिकेत निपजणारा सहावा उपवंश. एवढ्या उंचीवरून पाहणाऱ्याला तळेगावची विहीर कोरडी पडलेली दिसत नाही, हा कदाचित त्या उंचीचाच दोष असेल.

तिसरे भाकीत सर्वांत परिणामकारक ठरले. प्रत्येक शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात महात्मे जगाला ज्ञान देण्याचा यत्न करतात. म्हणून पुढचा ज्योतिवाहक विसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात, अर्थात १९७५ नंतर, येईल, असे ‘की’च्या अखेरीस सांगितले आहे. म्हणजे मधली ऐंशीपंचाऐंशी वर्षे वाट पाहावयाची. शिष्यांना एवढा धीर निघाला नाही. १९०९ मध्ये लेडबीटर ह्यांनी अड्यारच्या समुद्रकाठी कृष्णमूर्ती नावाचा एक तेलुगू ब्राह्मण मुलगा हेरला, १९११ मध्ये जगद्गुरूच्या स्वागतासाठी ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ निघाला आणि बेझंटबाईंसारखी कर्तबगार, बुद्धिमान स्त्री त्याच्या पाठीशी उभी राहिली. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे हजारो अनुयायांसमोर त्या तरुणाने स्वतःच तो संघ मोडला व सत्याकडे जाणारा बांधलेला रस्ता नसतो असे सांगितले. सांगितलेल्या वेळेच्या आधी आणलेल्या जगद्गुरूने जगद्गुरुपद नाकारले. आणि १९७५ उजाडून शतक संपले तरी सांगितलेल्या वेळी आलेला असा कोणीही सर्व शाखांना मान्य झाला नाही. बाईंच्या बाजूने एक गोष्ट नोंदविली पाहिजे : ओमेनचा प्रसंग हा त्यांच्या भाकिताचा पराभव नव्हे, त्यांच्या वारसांच्या घाईचा होय.

भक्तांनी महात्म्यांविषयी ग्रंथ लिहिले, निंदकांनी अहवाल लिहिले. महात्मे आहेत की नाहीत हे आपल्या पायांनी जाऊन पाहावे असे ज्याला वाटले तो दामोदर. १८८३ च्या नोव्हेंबरात ऑल्कॉटबरोबर जम्मूस असताना तो दोनअडीच दिवस नाहीसा झाला होता व परत आला तो, ऑल्कॉटच्या म्हणण्याप्रमाणे, पूर्वीचा नाजूक दामोदर राहिला नव्हता. कूलोम प्रकरण पेटलेले आणि हॉजसन अद्याप हिंदुस्थानात असताना, २३ फेब्रुवारी १८८५ रोजी त्याने अड्यार सोडले. कलकत्ता, दार्जिलिंग, मग सिक्कीम. वय सत्तावीस. अहवालात त्याच्यावर ठपका आला तेव्हा उत्तर द्यावयास तो नव्हता. रोजनिशीतली शेवटची नोंद २३ एप्रिलची आहे. पुढे बर्फात प्रेत सापडल्याची वार्ता उठली. सोसायटीच्या मंडळींनी ती मानली नाही व तो गुरुगृही पोचला अशी श्रद्धा ठेवली. सिक्कीमच्या वाटेवर त्याने हमालांना परत पाठविले होते. त्याचे सामान आणि ती रोजनिशी त्यांनीच दार्जिलिंगला आणून पोचविली.